नणंद नावाची पाहुणी

मंगळवेढ्याच्या आमच्या जुन्या घरात सोप्याला लागून एक अंधारी खोली होती आणि त्या खोलीत, भिंतीतल्या कोनाड्याखाली, एक जाते होते. माझ्या वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षी, मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी, आई परसातल्या भिंतीवरून शेजारणीला म्हणाली, "उद्या आमच्या नणंदबाई यायच्या हायीत." हा शब्द मी त्यापूर्वी ऐकला नव्हता असे नाही, परंतु त्या दिवशी तो आमच्या घराच्या पत्त्यावर आला, आणि नणंदबाई नावाची कोणी पाहुणी आपल्याकडे येणार या कल्पनेने मी दुसऱ्या दिवशी सकाळपासून उंबऱ्यापाशी बसून राहिलो. दुपारच्या एस.टी.ने आत्या आली. तिच्या पिशवीत शेंगा होत्या, गुळाचा खडा होता, माझ्यासाठी खणाच्या कापडाची टोपी होती. त्या सगळ्याचा आनंद घेऊनही माझे लक्ष दाराकडेच होते. दिवेलागणीला मला राहवले नाही. "नणंदबाई आल्याच न्हाईत गं," असे मी म्हटले, तेव्हा चुलीपाशी बसलेल्या दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या आणि आई म्हणाली, "आल्या की. ही काय बसलीया. तुझी आत्या ती माझी नणंद."

ते उत्तर ऐकून माझे समाधान झाले नाही, उलट एक निराळेच कुतूहल मनात शिरले. आत्या मला कपाळावरच्या गोंदणासकट पाठ होती. मग तिच्यात ही नणंद कोठे होती? चुलीच्या उजेडात मी तिच्या चेहऱ्याकडे पुष्कळ वेळ टक लावून पाहिले. जी माझ्या तोंडी आत्या होती तीच आईच्या तोंडी दुसरी कोणी होत होती, आजीच्या तोंडी तिसरीच, म्हणजे माहेरवाशीण, होत होती. आणि वडिलांच्या तोंडी ती नुसती आक्का होती. नात्याचे नाव माणसाच्या अंगावर लिहिलेले नसते, ते हाक मारणाराच्या ओठावर असते, हे मला त्या रात्री समजले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण त्या समजुतीचे बी त्याच रात्री पडले.

पहाटे घरघर ऐकू आली. आई आणि आत्या जात्याच्या दोन बाजूंना, पाय पसरून, समोरासमोर बसल्या होत्या आणि एकाच खुंट्यावर दोघींचे हात होते: आत्याचा हात वर, आईचा खाली. मोठेपणाचा मान तेथेही राखलेला होता. आत्याचा डावा हात मोकळा होता आणि त्या हाताने ती सुपातल्या जोंधळ्याची मूठ जात्याच्या तोंडात घालीत होती. जाते एकटीने ओढणे म्हणजे काय, हे ज्याने पाहिले आहे त्यालाच दुसऱ्या हाताचे मोल कळते. खुंटा अर्ध्या फेऱ्यापर्यंत एकीने लोटावा आणि उरलेल्या अर्ध्यात दुसरीने आपल्याकडे ओढून घ्यावा, असा तो व्यवहार असतो, आणि त्यात कोणी किती जोर लावला याचा हिशेब पिठात उतरत नाही. त्या दोघींत अबोला असे तेव्हाही, आणि तो पुष्कळदा असे, पहाटेचे हे दळण थांबले नाही.

पुढे शिक्षणाच्या निमित्ताने शब्दांच्या कुळांची गोडी लागली, तेव्हा सासरच्या नात्यांची नावे मी एकेक करून उलगडून पाहिली. 'श्वश्रू'ची सासू झाली, 'देवर' झिजून दीर झाला, 'यातृ'ची जाऊ झाली, 'स्नुषे'ची सून झाली. आणि 'भ्रातृजाया' हा लांबलचक, आपला अर्थ आपणच सांगणारा शब्द घरादारात वापरून वापरून भावजय झाला. नणंद मात्र फारशी झिजली नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील 85व्या सूक्तात, ज्याला सूर्यासूक्त म्हणतात आणि ज्यातील मंत्र आजही विवाहप्रसंगी म्हटले जातात, नववधूला आशीर्वाद देताना ऋषी तिला सासऱ्यावर, सासूवर, 'ननान्दृ'वर आणि दिरांवर सम्राज्ञीपद चिंतितो. तीच ननान्दृ प्राकृतात 'णणंदा' झाली, आपल्याकडे आणि गुजरातेत नणंद म्हणून राहिली, हिंदीत ननद झाली. हजारो वर्षांच्या प्रवासात एखाद्या शब्दाने आपला चेहरा इतका राखावा, याचे कारण त्याचा वापर कधी एका दिवसापुरताही खंडित झाला नसावा, हेच असले पाहिजे. आणि त्या आशीर्वादाचा मला नेहमी थोडा विस्मयही वाटत आला आहे. ज्या नात्यावर राज्य करण्याची शुभेच्छा द्यावी लागते, त्या नात्याची भीती त्या प्राचीन काळीही कोणाच्या तरी कन्येच्या पोटात उभी राहिली असेल.

त्या भीतीला वैयाकरणांनी व्युत्पत्तीचे रूप दिले. उणादिसूत्रांच्या परंपरेत हा शब्द 'नन्द्' या धातूला नकार जोडून साधलेला आहे: जी नन्दत नाही ती ननान्दा, म्हणजे कितीही सेवा केली तरी जी प्रसन्न होत नाही ती. अमरकोश शांतपणे पतीची बहीण एवढाच अर्थ देऊन पुढे जातो, पण टीकाकारांना तेवढ्याने भागले नाही. संस्कृतात इतक्या नात्यांची नावे असता स्वभावाचा दोष नावातच कोरून ठेवण्याचा प्रसंग या एकट्या नात्यावर यावा, हे मला प्रथम वाचताना फार लागले होते. नाथांच्या भारुडातली त्रासलेली सून भवानीआईला रोडगा वाहण्याचा नवस बोलते तेव्हा सासरच्या सर्वांच्या यादीत नणंदेच्या पोरालाही सोडीत नाही, आणि हादग्याच्या फेरात मुली शिंक्यावरच्या लोण्याचा आळ नणंदा-भावजयांवर घालतात. लोकांच्या मनाने आणि पंडितांच्या शास्त्राने एकमताने निवाडा दिल्यासारखा वाटतो.

परंतु या शब्दाकडे पाहण्याची आणखी एक वाट आहे. ऋग्वेदातच, नवव्या मंडलात, एक कवी आपल्या घरातल्या माणसांचे उद्योग सांगतो: तो स्वतः कवने करणारा आहे, त्याचा बाप वैद्य आहे आणि त्याची 'नना' दगडावर धान्य दळते. नना म्हणजे आई. लहान मुलाच्या तोंडात जीभ नीट वळण्यापूर्वी जे शब्द येतात, मामा, काका, बाबा, त्यांच्याच घराण्यातला हा शब्द. ननान्दृ हा शब्द याच बालबोलीतल्या ननाशी जुळणारा असावा, असा भाषाशास्त्रज्ञांचा एक तर्क आहे. तो खरा धरला तर न नन्दणारी ही पुढच्यांनी रचलेली गोष्ट ठरते आणि मूळ शब्दात नकार उरतच नाही, उरते ती घरातल्या लेकराने बोबड्या जिभेने मारलेली हाक. मला हा तर्क प्रिय आहे, त्याचे कारण त्यातल्या शास्त्राइतकेच त्यातले जाते आहे. दगडापाशी बसलेली ती नना, आणि आमच्या अंधाऱ्या खोलीतली ती दोघींची पहाट, यांच्यामध्ये मला फारसे अंतर दिसत नाही.

मंगळवेढ्याच्या शिवारात दगडावर दळणे म्हणजे जोंधळा दळणे. येथली जमीन काळी, खोल, पावसाचे पाणी पोटात धरून ठेवणारी. हस्ताच्या सुमारास पेरलेला जोंधळा त्या ओलीवर आणि थंडीच्या दंवावर पोसतो आणि माघ-फाल्गुनात मोत्यासारखा दाणा हाती येतो. या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण तिच्या भाकरीची कीर्ती त्याच्या कितीतरी आधीची आहे. गावाच्या दक्षिणेस विजापूरच्या वाटेला लागले की मराठी आणि कानडी एकाच बांधावर उभ्या असलेल्या दिसतात. कलचुरी बिज्जलाची ही एके काळची राजधानी. महात्मा बसवेश्वर त्याच्याच दरबारी येथे राहिले होते. त्यामुळे आमच्या बोलीत आक्का, आण्णा, आप्पा हे कानडी नात्यांचे शब्द परके म्हणून कोणी कधी मानले नाहीत. कानडीत नणंदेला 'नादिनी' म्हणतात, आणि तोच शब्द बायकोच्या बहिणीलाही आणि धाकट्या भावाच्या बायकोलाही लागतो. म्हणजे तेथे नणंद आणि भावजय यांना एकाच नावाच्या छपराखाली बसविलेले आहे. 'अत्ते' म्हणजे आत्या आणि 'अत्ते' म्हणजेच सासू. सीमेवरच्या गावात राहणाऱ्या माणसाला हे ऐकून आश्चर्य वाटत नाही, कारण त्याने हे दोन अर्थ एकाच घरात नांदताना पाहिलेले असतात.

लग्नाचे वऱ्हाड परतते, नवरा-नवरी उंबऱ्यापाशी येतात, माप भरून ठेवलेले असते, आणि तेवढ्यात नवऱ्याची बहीण दार अडवून उभी राहते. हा विधी कोणत्याही पोथीत पाहून करावा लागत नाही. ती विचारते, "तुझी लेक माझ्या लेकाला देशील का?" जिला अजून घराची दिशाही ठाऊक नाही त्या नवरीने, जन्माला न आलेल्या लेकीचे वचन, जन्माला न आलेल्या भाच्यासाठी द्यायचे, ती "देईन" म्हणते तेव्हा दार मोकळे होते. इरावती कर्वे यांनी भारतातील आप्तसंबंधांवरच्या 1953 सालच्या आपल्या ग्रंथात उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची नात्यांची रीत महाराष्ट्रात एकमेकींत कशी मिसळते हे दाखविले आहे. उत्तरेत जे निषिद्ध, ते मामाच्या मुलीशी लग्न येथल्या अनेक जातींत इष्ट मानलेले. दार अडवणारी नणंद आपल्या बापाच्या घराकडे जाणारी वाट पुढच्या पिढीत बुजू नये म्हणून ते वचन मागत असते. आपण या घरातून गेलो, आता आपल्या वाटेने या घरची एक लेक आपल्याकडे यावी, एवढेच तिचे मागणे. ज्या दारातून तिला बाहेर पाठवले, त्याच दारात क्षणभर उभे राहण्याचा हक्क तिला मिळतो, आणि आत येणारीला वाटते, ही आपली वाट अडवते आहे. दोघींच्या पहिल्या भेटीतच हा गैरसमज असा साजरा केला जातो.

मंगळवेढे ही संतांची भूमी म्हणून लोक येथे येतात, आणि येथे येणाऱ्याने नणंद या शब्दाचा विचार करताना चोखोबांच्या घरापाशी थांबल्याखेरीज पुढे जाऊ नये असे मला वाटते. चोखामेळ्याची पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, निर्मळेचा पती बंका आणि चोखोबांचा मुलगा कर्ममेळा, अशी ती पाचही माणसे अभंग रचणारी. बंका हा सोयराबाईचा भाऊ, असे परंपरा सांगते. म्हणजे आमच्याकडे ज्याला साटेलोटे म्हणतात तसाच हा संबंध. मग निर्मळा सोयराची नणंद, आणि सोयराही निर्मळेची नणंद. प्रत्येकजणी दुसरीची भावजयही. व्युत्पत्तिकारांनी जिच्या कपाळी असमाधान लिहिले, ती नणंद या घरात दोन्ही बाजूंना बसलेली होती, आणि त्या दोघींच्या अभंगांत मागणे आहे, दुःख आहे, जातीच्या अपमानाचा सल आहे, विठ्ठलाशी भांडण आहे. एकमेकींविषयीचा कडवटपणा मला तरी त्यांत आढळला नाही.

त्या घराची एक कथा वारकऱ्यांच्या तोंडी आहे. सोयराबाई दिवसांत होती, घरात दाण्याची भ्रांत होती, आणि प्रसूतीचा समय जवळ आला असता चोखोबा निर्मळेच्या गावी निघून गेला. झोपडीत सोयरा एकटी, कळा सुरू झालेल्या, शिवाशिवीच्या त्या काळात दाराशी कोण येणार? तेव्हा दारात निर्मळा उभी राहिली. तिने चूल पेटविली, पाणी तापविले, बाळंतपण केले, बाळाला न्हाऊ घातले, बाळंतिणीच्या डोक्याला फडके बांधले. पुढे चोखोबा परतला, सोयराने वन्सांनी केलेल्या सेवेची हकीकत सांगितली, आणि मग उलगडा झाला की निर्मळा तर आपल्या घरीच होती. आलेला तो पांडुरंग होता. ही कथा ऐकताना लोक देवाच्या कनवाळूपणाने गहिवरतात, मीही गहिवरतो. पण माझे मन दुसऱ्याच एका ठिकाणी अडते. देवाला आईचे रूप घेता आले असते, सुईणीचे घेता आले असते. बाळंतिणीच्या दाराशी जावयाचे, तिला धीर वाटावा, तिने डोळे मिटून अंग टाकावे, यासाठी त्याने जे रूप निवडले ते नणंदेचे. ही कथा ज्या कोणी प्रथम सांगितली, त्या अनामिक माणसाला शास्त्रातली व्युत्पत्ती बहुधा ठाऊक नव्हती. ठाऊक असती तरी त्याने ती मानली नसती, कारण त्याने स्वतःच्या घरात काही निराळे पाहिलेले असणार.

आमच्या गावाच्या कथांत देव वेष घेऊन येतो तो असा. दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठार रयतेला मोकळे केले आणि बेदरच्या बादशहाचा रोष ओढवून घेतला, तेव्हा रक्कम चुकती करून पावती घेऊन येणारा झाला विठू महार. सोयरेच्या दाराशी आला तो नणंद होऊन. दोन्ही रूपे उंबऱ्याबाहेरची. एकाला गावाने वेशीबाहेर ठेवलेले, दुसरीची घराने परक्याची म्हणून पाठवणी केलेली. खुद्द चोखोबाचेही तसेच झाले. 1338 साली मंगळवेढ्याचे गावकुसू बांधताना ते ढासळून चोखोबा त्याखाली गेला. नामदेवांनी त्याच्या अस्थी पंढरपुरास नेल्या आणि महाद्वारासमोर समाधी दिली. तीही दाराबाहेर. ज्यांना आत घ्यावयाचे राहून गेले त्यांची आठवण या गावाने कथांत जपली आहे, आणि माणसाच्या व्यवहारातली चूक कथेने दुरुस्त करावी अशी या मातीची जुनी वहिवाट असावी.

व्यवहार मात्र कथेच्या वाटेने चालत नाही. सांगली संस्थानच्या अमलातली आमच्या घरातली जुनी कागदपत्रे एका रुमालात बांधलेली आहेत. त्या मोडी दप्तरात आजोबा-पणजोबांची नावे आहेत, बैलांच्या किमती आहेत, सारा भरल्याच्या पावत्या आहेत. एकाही लेकीचे नाव नाही. आजोबा गेल्यावर वारसनोंदीची वेळ आली, तोवर कायद्याने लेकीला वाटा दिलेला होता, आणि म्हणून तिच्या नावाचा पहिला सरकारी कागद झाला तो हक्कसोडपत्राचा. वडिलांनी मागितले नाही, आत्याने आपणहून येऊन अंगठा उठविला. भावाचे घर राहिले पाहिजे, माहेराला जायला वाट राहिली पाहिजे, हे ती एवढ्या सहजपणे म्हणाली की त्या सहजपणाची लाज आज मला वाटते. त्या वेळी मी जवळच उभा होतो आणि काही बोललो नाही.

कचेरीतून परतल्यावर आईने पाट मांडला. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड घेऊन तिने आत्याची ओटी भरली. आत्याच्या अंगठ्याची शाई अजून वाळली नव्हती. ओटीतल्या तांदळाच्या काही दाण्यांना ती निळी लागलेली मी पाहिली. आई वाकून नमस्कार करताना म्हणाली, "आक्का, ह्या घरात तुमचं आता काय न्हाई आसं कागद म्हनतोय. मी म्हनत न्हाई." आत्या हसली, पदराच्या गाठीतले पाच रुपये काढून तिने माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाली, "हिच्या बारशाला कोन हुतं? हिच्या पोरांची नावं मीच ठिवली न्हवं?" खरेच होते. आमच्या घरातल्या प्रत्येक बाळाच्या कानात त्याचे नाव पहिल्यांदा सांगितले ते तिने. ज्या कागदांवर तिचे नाव नव्हते, त्यांतल्या आमच्या पिढीच्या सगळ्या नावांची दाती तीच होती. नणंद म्हणून उंबऱ्यावर अडवणारी बाई आत्या म्हणून पाळण्यापाशी नाव देते; तिच्या या दोन जागांमध्ये आईचे आणि तिचे सारे आयुष्य गेले.

आई गेल्याला आता काही वर्षे झाली. दिवसकार्याला आत्या आली ती काठी टेकीत, नातवाचा हात धरून. रडणे-भेटणे झाल्यावर, मंडळी सोप्यात बसली असता, ती कोणाला उद्देशून न बोलता म्हणाली, "आता मला नणंद म्हननारं कोन ऱ्हायलं?" सांत्वनाला आलेल्यांनी तिला समजाविले, आम्ही भाचे आहोत, सुना आहेत, तुझे घर आहे. ती मान हलवीत राहिली. तिने विचारले होते ते निराळे होते. ती आत्या होती, आजी होती, आणखी पुष्कळ कोणी होती. पण नणंद हे तिचे नाव ज्या एका ओठावर राहत होते तो ओठ मिटला होता, आणि ते नाव उच्चारण्याचा अधिकार आता जगात दुसऱ्या कोणालाही नव्हता. मृताबरोबर जिवंत माणसाचेही काहीतरी जाते, ते बहुधा हेच असावे.

सायंकाळी ती घरात दिसेना. मी शोधीत आतल्या खोलीत गेलो. दळण गिरणीवर जाऊ लागल्यापासून त्या जात्याला कोणी टाकी लावलेली नाही. त्याची तळी गुळगुळीत झाली आहे, खुंटा मात्र जागच्या जागी आहे. आत्या पाय पसरून त्याच्यापाशी बसली होती. जात्यात दाणा नव्हता, ते फिरतही नव्हते. तिचा उजवा हात खुंट्याच्या वरच्या टोकाला होता, अगदी वर, आणि त्याखाली एका हातापुरती जागा तिने मोकळी ठेवली होती.

मी दारातच थांबलो. आत जावे की नाही, हे मला ठरविता येईना.